आपला दगड आपणच उचलायचा

३१ जानेवारी, बुधवार

गॉर्डन ट्वेटचं हृदयाचं ऑपरेशन काल सॅस्काटूनला पार पडलं. त्याची बायको इंगा फोनवर रडतही होती आणि हसतही होती, तेव्हा तो वाचला असं मी धरून चालले. आज आमच्या मुख्याध्यापिकेने, लिनेटने, मला खोलीत बोलावलं आणि गॉर्डनच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या.

"उद्यापासून अकरावीचं भौतिकशास्त्र तुझ्याकडे, वर्ना."

"मी इतिहास शिकवते."

"माहीत आहे मला."

"अगं, मला साधा फ्यूज बदलता येत नाही!"

"फ्यूज बदलायला माणूस आहे. शिकवायला नाहीये."

वर्गात मोजकीच पोरं आहेत. दहावीपर्यंतचं विज्ञान लिनेट स्वतः घेते, त्यामुळे ही पोरं गॉर्डनच्या हाताखाली यंदा पहिल्यांदाच जायची होती. आता त्यांच्या नशिबी मी. बिचारी!

खरी गोम पुढेच आहे. शाळा-विभागाचे अधिकारी रॉस फेहर यांनी लिनेटला बजावलंय की आमच्या हॅलवर्टन गावात भौतिकशास्त्राचा वर्ग धड चालतोय असं या हिवाळ्यात दिसलं नाही, तर पुढच्या वर्षी बारावीचं भौतिक शहरातून पडद्यावर शिकवलं जाईल. रसायनशास्त्राचं तसंच झालं होतं. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या एकानेही वर्ष पुरं केलं नाही. आणि वर्गच राहिला नाही तर गॉर्डन बरा होऊन परत येणार तरी कुठे? म्हणून मी हो म्हटलं. तो येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची, गावच्या बर्फाच्या रिंकमधल्या बाकावर टोपी टाकून धरतात तशी.

किल्ल्या कोटाच्या खिशात टाकल्या आहेत. माझ्या जुडग्यात घातल्या नाहीत. दुसऱ्याची वस्तू वेगळी राहिलेली बरी.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला तास. खडू खाली ठेवला आणि पोरांची ओळख करून घेतली.

कोल्बी आमच्या हॉकी संघाचा गोलरक्षक. दारातून येतो तेव्हा उजेड अडतो. भौतिक का घेतलंस विचारलं तर म्हणाला, "मिसेस बी, दुसरा विषय स्वयंपाकाचा होता, तो भरला." (बोयकोचं पोरांनी बी केलंय.)

टॅरिन कार्डिनल मूळनिवासींच्या राखीव वस्तीवरून, रिझर्व्हवरून, बसने येते. शाळेच्या कर्लिंग संघात आहे (बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळात बसवायचा खेळ), दगडापुढचा बर्फ झाडते आणि बोलते कमी. तिचा मामा उत्तरेकडच्या तळ्यांवर छोटं विमान उतरवतो. तिलाही विमानांचंच काहीतरी शिकायचंय आणि त्यासाठी बारावीचं भौतिक लागतं. घरी इंटरनेट आहे का विचारलं, तर म्हणाली, "वारा नसेल तेव्हा असतं." सॅस्कॅचवानमध्ये वारा कधी नसतो?

तिसरा जोमार. फिलिपीन्सहून येऊन दोन हिवाळे झाले. आई वृद्धाश्रमात कामाला, हा शाळा सुटल्यावर दुकानात फळ्यांवर डबे रचतो. बर्फावर अजून बदकासारखा चालतो आणि प्रश्न फार विचारतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मला कर्लिंग येतं. दुसरं काही येत नाही. तेव्हा बल आणि गती कर्लिंगवरून शिकवायची असा बेत केला आणि स्वतःवरच खूश झाले.

पोरांना सांगितलं, आपण दगड सोडतो तेव्हा हाताचा जोर दगडात भरतो. तो जोर खर्च होत होत दगड पुढे जातो, आणि जोर संपला की थांबतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावतील तर काय? या गावात पोर चालायला लागलं की रिंकवर जातं, आणि काचेमागे बसलेले आजोबा ओरडत असतात, "सोडा, सोडा, अजून जोर आहे त्यात!"

जोमारने हात वर केला. "मिसेस बी, तो जोर दगडात कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? आत."

"मग दगड थांबल्यावर उचलला, तर तो हलका लागतो का?"

कोल्बी म्हणाला, "अरे, तू आयुष्यात एक दगड तरी टाकलायस का?" वर्ग हसला. मीही हसले. घंटा झाली म्हणून वाचले. 

घरी आल्यावर गॉर्डनला दवाखान्यात फोन लावला. म्हटलं, "एकच सांग. जोर दगडात असतो ना?"

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं, गेला. मग बारीक आवाजात म्हणाला, "वर्ना, तू दगड सोडलास की तुझा हात कुठे असतो?"

"माझ्याकडे! आणखी कुठे असणार?"

"मग दगडाला ढकलतंय कोण?"

"ते तू सांग ना!"

"माझी जेली आली," म्हणाला आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांची ओळख, पण हा माणूस कधी सरळ उत्तर देणार नाही.

ओरेस्टकडून रिंकची किल्ली घेतली. (नवरा रिंकच्या समितीवर असण्याचा एवढाच फायदा. तोटे पुष्कळ आहेत.) रिंकवर कोणी नव्हतं. एक दगड सोडला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले नाही, धावले नाही, नुसती गुडघ्यावर बसून बघत राहिले. दगड चालला होता. पृथ्वी त्याला खाली ओढत होती, बर्फ तितक्याच बळाने त्याला वर धरून होता, त्या दोघांची बरोबरी झाली होती. मागून ढकलणारं कोणी नव्हतंच. राहता राहिलं बर्फाचं घासणं, आणि ते तर त्याला अडवत होतं, पुढे नेत नव्हतं. चालत राहायला दगडाला कुणाचीच गरज नव्हती. गरज होती ती थांबवणाऱ्याची.

चाळीस वर्षं मी समजत होते की दगड माझ्या जोरावर तिथवर जातो. किती सुंदर आहे हे, आणि मला कोणी कधी सांगितलं कसं नाही? गॉर्डन रोज हेच घेऊन वर्गात जात असणार. शेजारच्या वर्गात मी पोरांना तहाची कलमं पाठ करायला लावत होते, आणि भिंतीपलीकडे तो हे दाखवत होता.

७ फेब्रुवारी, बुधवार

बायकांच्या संघांचा सामना हरलो. शेवटच्या डावात आमचा दगड वर्तुळाच्या मध्यावर जाऊन बसला होता, जिंकल्यातच जमा होतं, पण झाडू मारताना माझ्या बुटाचं टोक त्याला लागलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "जळला," आणि दगड पायाने बाजूला सारला. (चालत्या दगडाला पाय किंवा झाडू लागला की तो जळला, म्हणजे बाद, आणि ते ज्याचं त्यानेच सांगायचं.) समोरच्या संघातल्या डॉटने मान हलवली, हात मिळवला, रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी कॉफी पाजली. रिंकच्या स्वयंपाकघरातला रूबार्बची पाई आज जरा आंबटच होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा तास कसा सुरू करावा कळेना. परवाचं सगळं फळ्यावर तसंच होतं, कारण त्या खोलीत दुसरं कोणी शिकवतच नाही. 'हाताचा जोर दगडात भरतो', माझ्याच ठसठशीत अक्षरात.

शेवटी म्हटलं, "मंगळवारचा माझा दगड जळला." आणि डस्टर घेऊन ते वाक्य पुसलं.

 कोल्बी म्हणाला, "पण मिसेस बी, कोणाला कळलं नव्हतं."

"मला कळलं ना. जोमार, तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तो हसण्यावारी नेला. आता परत विचार."

त्याने विचारला. मग आम्ही सगळे मिळून त्याच्या उत्तराच्या मागे लागलो. दोन तास एकामागून एक होते ते कसे गेले कळलं नाही. टॅरिन एकदाच बोलली. "म्हणजे मामाने इंजिन बंद केलं तरी विमान लगेच थांबत नाही, कारण थांबायलाही कारण लागतं." मी तिच्याकडे बघतच राहिले. अशी पोरगी वर्गात असली की मास्तरांचं काम अर्धं होतं.

एक मात्र खरं, गॉर्डनला चूक पुसायची वेळ कधी आली नसती. त्याचा फळा नेहमी नीटनेटका.

१४ फेब्रुवारी, बुधवार

गॉर्डन घरी आला. इंगाने त्याचा पांढरा कोट धुऊन शाळेत पाठवला, म्हणाली प्रयोग करताना कपड्यांवर डाग नकोत. गॉर्डन माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण कोटाच्या बाह्या मला अगदी मापात बसल्या. बहुतेक धुण्यात आटला. चांगल्या कोटाचं नुकसान झालं म्हणून मला वाईट वाटलं. तिला बोलले नाही, तिच्या डोक्याला काय कमी ताप आहे?

ओरेस्टने चॉकलेटचा डबा आणला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पोरांना रिंकवर घेऊन गेले. आज संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. पुस्तकात ते वाचलं की झोप येते. बर्फावर मात्र कोणी झोपलं नाही.

आधी रस्सीखेच. एकीकडे कोल्बी एकटा, दुसरीकडे टॅरिन आणि जोमार. कोल्बीच्या पायात गुळगुळीत तळव्यांचे बूट दिले, त्या दोघांच्या पायात रबराचे. दोर ताणलेला, तिघांचे चेहरे लाल, आणि कोणीच जागचं हलत नाही. "बल आहे का?" मी ओरडले. "आहे!" कोल्बी कण्हला. "मग हलत का नाही?" जोमार दात आवळून म्हणाला, "बरोबरी झालीय!" आणि त्याच क्षणी कोल्बीचा पाय सटकला. बरोबरी मोडली. तिघे एकमेकांच्या अंगावर.

मग सगळ्यांना गुळगुळीत बूट. कोल्बी आणि टॅरिन समोरासमोर, तळहाताला तळहात. म्हटलं, "कोल्बी, तू फक्त उभा राहा. टॅरिन, तू ढकल." टॅरिनने ढकललं. ती मागे भुर्रकन गेली, आणि कोल्बीही हळूहळू मागे सरकला.

"अरेच्चा! मी ढकललंच नाही, मग मी का गेलो? आणि ढकललं हिने, मग ही का गेली?"

"कारण तू जाडा आहेस," जोमार म्हणाला.

"ते काही उत्तर नाहीये!"

"अर्धं आहे," टॅरिन म्हणाली. "ढकलणं एकट्याचं नसतं. तू जड म्हणून हळू गेलास, मी हलकी म्हणून जोरात. दोघांचा गुणाकार करून बघ, सारखाच येईल. फक्त दिशा उलट."

केला. जवळपास सारखा आला. काचेमागे कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला एक मला म्हणाला, "वर्ना, आमच्या वेळी तू का नव्हतीस गं?" म्हातारा चेष्टेखोर आहे. त्याच्या वेळी मी जन्मलेसुद्धा नव्हते.

संध्याकाळी गॉर्डनला हे सांगायला गेले. तो खिडकीशी बसून मासेमारीच्या दोऱ्याचं भेंडोळं सोडवत होता. जूनसाठी बोट रंगवायला दिलीय म्हणाला, उत्तरेच्या तळ्यावर महिना-दोन महिने राहायचा विचार आहे. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली असेल. त्याने माझ्याकडून सगळं दोनदा ऐकलं. कोल्बीचं ऐकताना हसून छातीवर हात धरला, इंगा रागावली. मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुला काय वाटतं?"

असा जीव जळतो! एकदा तरी 'बरं केलंस' म्हणावं माणसाने.

५ मार्च, मंगळवार

फेहरसाहेब गुरुवारी तास बघायला येतायत. रिंकवरच या असं मी लिनेटकरवी कळवलं. वर्गात मी इतिहासाची बाई दिसते. बर्फावर निदान उभी तरी राहता येते.

आमचा प्रयोग असा. एक दगड स्थिर ठेवायचा, दुसरा त्याच्यावर नेमका मधोमध आदळायचा. आदळणारा जवळपास जागीच थांबतो आणि उभा असलेला त्याच्या वेगाने निघतो, जणू वेग हातातून हातात दिला. बर्फावरच्या रंगीत रेघांमधलं अंतर ठरलेलं आहे, घड्याळ लावून दोन्हींचे वेग काढायचे. आदळण्याआधीचा सगळा संवेग आणि नंतरचा सगळा संवेग सारखा यायला हवा. कोल्बी दगड टाकणार, टॅरिन निघालेल्या दगडाबरोबर धावून पुढचा बर्फ झाडणार म्हणजे घासणं कमी होईल, जोमार हिशेब करणार. पोरं आपण होऊन शाळेनंतर थांबून सराव करतायत. बस चुकली की टॅरिनला मी सोडते.

८ मार्च, शुक्रवार

हिमवादळ. काल रस्ते बंद, शाळा बंद, फेहर शहरात अडकले. आता एकोणीस तारखेला येतो म्हणतात. पण रविवारी हंगामाचे शेवटचे सामने होतील आणि सोमवारी रिंकचा बर्फ बंद करतील. दरवर्षीचंच आहे. बर्फ गोठवणारं यंत्र बंद केलं की दोन दिवसांत पाणी.

पोरांना सांगितलं. कोल्बीने हेल्मेट जमिनीवर आपटलं. टॅरिनने आपला झाडू कपाटात ठेवून दिला, ते जास्त लागलं.

१२ मार्च, मंगळवार

ओरेस्टला विचारलं, "यंत्र बंद केलं का रे काल?"

"विसरलो."

"विसरलास? तू? शिंकायच्या आधी रुमालाची घडी मोडणारा माणूस?"

"वय झालं," म्हणाला आणि बटाट्याचे उकडलेले पेरोगी गिळत राहिला.

खरंच वय झालं असावं. गेले दोन दिवस कपाटावरचं समितीच्या सभासदांचं नावांचं पत्रक काढून एकेकाला फोन करत बसलेला असतो. कशाबद्दल विचारलं तर म्हणतो हवापाण्याच्या गप्पा. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१९ मार्च, मंगळवार

आजच लिहून काढते.

बाहेर ऊन पडलं होतं, छपरावरून पाणी गळत होतं. बर्फ होता, पण मऊ पडलेला, दगड जड चालत होते. फेहर रबरी बूट घालून आले, उंच, टाय लावलेले, चेहरा असा की कशाचा पत्ता लागत नाही. काचेमागे निम्मं गाव जमलं होतं. आज कुणालाच दुसरं काम नव्हतं वाटतं.

पहिला दगड कोल्बीने तिरका मारला, दोन्ही दगड दोन दिशांना. "माझा नेम हॉकीचा आहे, सर," तो फेहरना म्हणाला. ते हसले नाहीत.

दुसरा मात्र सुरेख. टक् असा आवाज आला. आदळणारा दगड दबकून जागीच थांबल्यासारखा झाला आणि पुढचा निघाला. टॅरिन त्याच्या बाजूने धावली, झाडू चालवत, एकदा अडखळली, सावरली. जोमारने हिशेब केला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे सारखे. अगदी सारखे! असं सरावात एकदाही आलं नव्हतं. फेहर पुढे झाले, कागदावरून बोट फिरवलं आणि मोठ्याने म्हणाले, "वा! पुस्तकातल्यासारखं आलं की!" काचेमागे शिट्ट्या वाजल्या. मी डोळे मिटले. वाटलं, वाचला वर्ग. गॉर्डनची जागा राहिली.

डोळे उघडले तर टॅरिन दगडाजवळ उभी. तिने दगड पायाने बाजूला सारला.

"जळला," ती म्हणाली. "अडखळले तेव्हा माझा झाडू मागून लागला. थोडा धक्का बसला त्याला."

 कोल्बीने दोन्ही हात डोक्यावर नेले.  एका क्षणापुरतं मला वाटलं, बोलली नसती तर? हे इथे लिहिते, कारण ते वाटलं.

जोमार मात्र उडीच मारायला निघाला होता, बर्फ आहे हे आठवून थांबला. "म्हणूनच! म्हणूनच इतकं जुळलं! या बर्फावर थोडं कमीच यायला हवं, मला आधीच खटकत होतं!"

तिसऱ्यांदा टाकला. नंतरचा आकडा कमी आला, चांगलाच कमी.

फेहर म्हणाले, "म्हणजे तुमचा नियम खोटा पडला."

"नाही, सर," जोमार म्हणाला. "कमी पडलं ते कुठे गेलं, ते शोधायचं. हरवत काही नाही. बर्फाने किती घेतलं ते आधी काढू." आणि फेहर उभे असताना, माझ्याकडे न बघता, ही पोरं कामाला लागली. एक दगड मोकळा सोडून तो या मऊ बर्फावर किती मंदावतो ते मोजलं, तेवढं हिशेबात धरलं, आणि आकडे परत जवळ आले. तंतोतंत नाही, जवळ. मधे वाद झाला, कोल्बीने जोमारची बेरीज चुकलेली दाखवली. कोल्बीने! मी नुसती उभी होते. माझी कुणाला गरजच नव्हती. असा अभिमान मला स्वतःच्या लेकरांचाही कधी वाटला नव्हता.

जाताना फेहरनी टॅरिनला विचारलं, "कोणी पाहिलं नव्हतं, मग का सांगितलंस?"

"मी पाहिलं ना, सर."

"एवढं जमलेलं उत्तर होतं."

"आमच्या वर्गात असंच असतं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. तिच्या बसची वेळ झाली असणार.

गॉर्डनचं वळण! इतकी वर्षं त्याने शिकवलं ते शाळेच्या भिंतींतसुद्धा मुरलंय. मानलं त्या माणसाला.

फेहर माझ्याकडे वळले. "मिसेस बोयको, भौतिकशास्त्रात तुमचं शिक्षण किती?"

"काही नाही. इतिहास."

"हं," म्हणाले, आणि गाडीत बसले. त्या 'हं'चा अर्थ मला कळतो. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

२० मार्च, बुधवार

ओरेस्टला आज यंत्र बंद करायचं आठवलं.

२७ मार्च, बुधवार

वर्ग राहिला!

लिनेटने दारातच सांगितलं. पुढच्या वर्षी बारावीचं भौतिक इथेच, याच खोलीत. मी प्रयोगशाळेच्या कोठीत जाऊन तराजूंच्या मधे उभी राहून रडले. बाहेर आले तर कोल्बी म्हणाला, "मिसेस बी, तुमच्या डोळ्यांत काही गेलं का? की बल असंतुलित झालं?" गाढव. टॅरिनने मामाला शाळेच्या ऑफिसातून फोन केला. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण पोरगी खळखळून हसत होती. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उद्या गॉर्डनकडे जाऊन किल्ल्या देऊन येते. ईस्टरचे गोड पाव, पास्का, भाजलेत, त्यातला एक त्याला.

२८ मार्च, गुरुवार

गॉर्डन बारीक झालाय. स्वेटर अंगावर लोंबत होता. मी पास्का टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी किल्ल्या. म्हटलं, "घे बाबा. जागा धरून ठेवली होती, ती राहिली. सप्टेंबरपासून तू तुझा मोकळा, मी माझी मोकळी."

त्याने पास्का जवळ ओढला आणि किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या.

"मी येणार नाहीये, वर्ना."

"म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले ते ऑपरेशनच्या आधीच म्हणाले. मी फेहरला तेव्हाच कळवलं. आणि तुझं नाव सुचवलं."

"तेव्हाच? जानेवारीत?" माझा आवाज इतका चढला की इंगा स्वयंपाकघरातून धावत आली. "आणि मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी पळाली असतीस."

"अर्थात पळाले असते! मला येतं काय त्यातलं?"

इंगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं, कोट बसला ना नीट? मी बाह्या अंदाजानेच आखूड केल्या होत्या."

मी खुर्चीत बसले.

जरा वेळाने म्हटलं, "पण फेहरने विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझं शिक्षण नाही म्हणून. तरी त्याने वर्ग ठेवला कसा?"

"त्याने मला फोन केला होता. म्हणाला, दोन गोष्टी पाहिल्या. एका मुलीने बरोबर आलेलं उत्तर स्वतःहून टाकून दिलं, आणि तिच्या मास्तरणीने खोटं बोलायची संधी टाकून दिली. म्हणाला, आणखी काय बघायचं? उन्हाळ्यात विद्यापीठाचा अभ्यास तुला करावा लागेल. तो करशील तू."

"गॉर्डन, ती मुलगी तुझी शिकवण आहे. ते सगळं तुझं वळण आहे. मी फक्त—"

"वर्ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने प्रश्न विचारला नाही. "त्या पोरांना मी एक दिवसही शिकवलेलं नाही."

 मग मला रिंकमधली टॅरिन आठवली, 'आमच्या वर्गात असंच असतं' म्हणताना माझ्याकडे बघणारी. आणि आठवलं की आमच्या रिंकमधलं घड्याळ विरुद्ध भिंतीवर आहे. माझ्या मागे भिंतच होती नुसती.

गॉर्डनने पास्काचा तुकडा तोडला. इंगाने कॉफी ओतली. 

घरी आल्यावर किल्ल्या माझ्या जुडग्यात घातल्या. कडी घट्ट होती, नख तुटलं. ओरेस्टने पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी तो बर्फ कधी बंद करायचा, ते तुझ्या पोरांना आधी विचारून सांग."